बंगालवर एकट्याची स्वारी

माणूस एकटा जेवला तर कोणी काही म्हणत नाही. एकटा सिनेमाला गेला तर फार तर 'बिचारा' म्हणतात. पण घरात बायको असताना, ती बोलत असताना आणि तब्येतीचं काही नसताना माणूस एकटाच फिरायला निघाला, तर त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय याबद्दल अख्ख्या गल्लीचं एकमत होतं.

मी तीन दिवस कलकत्त्याला जातोय ही बातमी आमच्या नागपुरातल्या गल्लीच्या पानठेल्यावर माझ्याआधी पोचली होती.

"काहून भाऊ, ऑफिसचं काम निघालं?" ठेलेवाल्यानं खर्रा घोटता घोटता विचारलं.

"नाही, फिरायला चाललो."

"नातेवाईक आहे कोणी तिकडं?"

"नाही."

"मंग दवाखान्याचं असंल."

"अरे, ठणठणीत आहे मी!"

त्याचा हात थांबला. आवाज खाली आला. "वहिनी माहेरी गेल्या का?"

वहिनी घरीच होत्या आणि मला पाठवायला सगळ्यात उत्सुक त्याच होत्या. गेली तीस वर्षं मी घोळक्यानं फिरलोय. घोळक्यातला माणूस गाव पाहत नाही, माणसं मोजतो. महाबळीपुरमचं मला एवढंच आठवतं की तिथं आम्ही अकरा होतो आणि एक वेळ अशी आली की दहाच भरले. अकरावा मीच होतो, मोजताना स्वतःला धरायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून एकदा तरी एकपर्यंतच मोजावं लागेल असा प्रवास करायचं मनात होतं. "जा एकदाचे," बायको म्हणाली, "पण रोज संध्याकाळी फोन करायचा." आणि तिनं संत्रा बर्फीचा डबा पिशवीत ठेवला. "कोणी चांगलं माणूस भेटलं तर द्या. नाहीतर स्वतःच संपवाल."

तसं पाहिलं तर नागपूरकरांना बंगाल नवा नाही. १७४२ साली रघूजी भोसल्यांनी भास्करपंत कोल्हटकरांना फौज देऊन तिकडं धाडलं आणि पुढं नऊ-दहा वर्षं चौथाईसाठी, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शासाठी, हे जाणं-येणं चालू राहिलं. त्या काळी ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला घोडा-हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. बंगाल्यांनी या बारगिराचा 'बर्गी' केला. माझं तिकीट मुलानं काढलं होतं, हॉटेलचे पैसे त्यानंच भरले होते, पाठीवरची पिशवीसुद्धा त्याच्या कॉलेजातली होती. म्हणजे जुन्या दफ्तराप्रमाणं माझी नोंद बारगीर म्हणूनच झाली असती.

बर्गी येणार या धास्तीनं इंग्रजांच्या कलकत्त्यानं त्याच १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल झाल्यावर बर्गी काही येत नाहीत असं दिसलं आणि काम जे थांबलं ते थांबलंच. मराठे कलकत्त्यात कधी आलेच नाहीत. आला तो सिराजउद्दौला, १७५६ मध्ये, आणि त्याला हा खंदक काही अडवू शकला नाही. पुढं १७९९ पासून खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधला. तरी बागबाजारात 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली अजून आहे. मुलानं मला पाहायच्या बारा ठिकाणांची यादी दिली होती. तिच्या खाली मी पेनानं तेरावं लिहिलं. ज्यांच्यासाठी एवढं खणलं त्यांच्यापैकी एकानं तरी जाऊन पाहून यावं, अशी माझी भावना होती. दोनशे ऐंशी वर्षं उशीर झाला होता, पण वेळेच्या बाबतीत नागपूरकराकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नाही.

गाडीत बसल्यावर पहिला धडा मिळाला. एकट्या माणसाला स्वतःचा बर्थ नसतो. माझा बर्थ खालचा, खिडकीचा. मी चादर पसरतोय तोच प्रश्न आला, "एकटेच आहात ना?" मला वाटलं, ओळख वाढवतायत. पण ती जागेची मोजणी होती. "मग आजींना खालचा द्याल का? तुम्ही आमचा मधला घ्या." मधल्यावर टेकलो तर एका नवविवाहित जोडप्याला समोरासमोर झोपायचं होतं. "अंकल, आप तो अकेले हैं..." मी त्यांचा वरचा घेतला. मग एका बाईंचं लेकरू दुसऱ्या डब्यात. रात्री अकरापर्यंत सरकत सरकत मी साइड अप्परला पोचलो होतो, संडासाच्या दाराशी, अख्ख्या डब्याचे आशीर्वाद घेऊन. डायरीत मी लिहिलं: 'एकटेच का?' — चार वेळा. अजून रायपूरही आलं नव्हतं.

दुपारी हावडा. स्टेशनाबाहेर आलं की पूल अंगावरच येतो. १९४३ साली सुरू झालेल्या या पुलात साडेसव्वीस हजार टन पोलाद आहे आणि नट-बोल्ट एकही नाही, सगळं रिव्हेट ठोकून जोडलेलं. आमच्या एकत्र कुटुंबासारखं. एकदा ठोकलं की सुटायची सोय नाही. खांबांच्या बुडाशी मात्र फायबरची आवरणं घालावी लागली, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पानाच्या पिचकाऱ्यांनी तिथलं पोलाद झिजायला लागलं होतं. आम्ही नागपूरकरांनी खर्रा खाऊन सरकारी जिन्यांच्या कोपऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मेहनत घेतली, पण आमची मजल रंगापलीकडं गेली नाही. पोलाद! मी पुलाकडं पाहून मनातल्या मनात हात जोडले.

पिवळ्या ॲम्बेसेडर टॅक्सीचा ड्रायव्हर बिहारकडचा होता. मी ऐटीत म्हणालो, "भैया, अपने को उधर धरमतल्ले के बाजू में छोड़ देना, हौ ना?" तो थोडा वेळ आरशातून माझ्याकडं पाहत राहिला. मग फार अदबीनं म्हणाला, "साहब, हिंदी में बोलिए."

हॉटेलच्या काउंटरवरच्या बाबूंनी माझ्या मागं पाहिलं. मग माझ्या दोन्ही बाजूंना पाहिलं. "ॲका?" मी पाच बोटांतलं एक वर केलं. त्यांनी वहीत नाव लिहिलं आणि वाचून दाखवलं: "बोशोंतो." पंचावन्न वर्षं जपलेल्या माझ्या वसंताचा अर्ध्या मिनिटात बोशोंतो झाला. बंगालीत बोशोंतो म्हणजे वसंत ऋतू, तसाच देवीचा रोगही, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर मी भेटेल त्याला मोठ्या उत्साहानं 'मी बोशोंतो' असं सांगत हिंडत होतो आणि लोक अर्धं पाऊल मागं का घेतात याचा विचार करत होतो.

खोलीत गरम पाणी येईना. खाली फोन केला. बाबू म्हणाले, "चेश्टा कोरछी." मी गप्प बसलो. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. "चेश्टा कोरछी, दादा, खूब चेश्टा कोरछी." म्हटलं, काय माणूस आहे! पाहुण्याची चेष्टा करतो ती करतो, वर खूप करतोय म्हणून सांगतो! तावातावानं खाली उतरलो तर बाबू स्वतः स्टुलावर चढून, बाह्या सरसावून, बॉयलरच्या नळाशी झगडत होते. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आमच्याकडच्या कित्येक सरकारी प्रयत्नांचा अर्थ मला त्या स्टुलाखाली उभ्या उभ्या लागला.

अशीच गत 'अड्डा' या शब्दाची. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसबद्दल जो तो सांगे, "तिथं जा, मोठा अड्डा असतो." आपल्याकडं अड्डा म्हटलं की पत्ते, हातभट्टी आणि मागच्या दारानं पळणारी माणसं. मी पाकीट आतल्या खिशात घातलं आणि गेलो. उंच छत, गरगरणारे पंखे, डोक्यावर पगडी आणि कंबरेला पट्टा घातलेले वेटर, आणि अड्डा म्हणजे नुसत्या गप्पा. इथले कामगारच सहकारी संस्था काढून हे हॉटेल चालवतात. त्यामुळं वेटर घाई करत नाही. मालकच तो, कोणाला भिणार? मी कोपऱ्यातलं टेबल धरून काळी कॉफी मागवली, तिला तिथं 'इन्फ्यूजन' म्हणतात. मला वाटलं, आता निवांत एकटं बसू. दोन मिनिटांत समोरच्या खुर्चीवर एक गृहस्थ, बाजूला त्यांचे दोन मित्र. "ॲका?" मी मान हलवली. "बोशून, बोशून," मी बसलेलाच असताना ते मला म्हणाले आणि वाद सुरू झाला. विषय फुटबॉल होता की राजकारण की दोन्ही, ते मला कळलं नाही. पण मधूनच ते तिघंही माझ्याकडं वळून 'तुम्हीच सांगा' अशा नजरेनं पाहत, आणि मी जिकडं मान डोलवे त्या पक्षाचं बळ वाढे. तासाभरानं उठलो तेव्हा हरलेल्या पक्षानं माझ्याशी हात मिळवला नाही. एकट्यानं चालण्याचं गाणं ज्या शहराच्या कवीनं लिहिलं, त्या शहरात एकट्याला साधं बसूसुद्धा देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीखालची मेट्रो. भारतातली पहिली मेट्रो इथंच, १९८४ सालची. आणि २०२४ पासून ती हुगळीच्या तळाखालूनही जाते. पाण्याखालचा बोगदा ५२० मीटरचा, पार व्हायला पंचेचाळीस सेकंद लागतात. नदी आली की बोगद्यात निळे दिवे लागलेले दिसतात. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. निळं दिसणार इतक्यात मला शिंक आली. दोन शिंका म्हणजे पंचेचाळीस सेकंदांतले निदान दहा गेले. उरलेले रुमाल शोधण्यात गेले. परत उलट दिशेनं बसलो. या वेळी शेजारच्या काकांनी विचारलं, "ॲका?" आणि उत्तर देईस्तोवर पलीकडचा काठ आला. तिसऱ्या फेरीला मी कोणाशी बोललो नाही, श्वासही बेताचा घेतला आणि नदी पाहिली. म्हणजे निळे दिवे पाहिले. नदी वर होती. घोळक्यात असतो तर तीन फेऱ्या मारू दिल्या असत्या का? एकट्याच्या प्रवासात मूर्खपणाला साक्षीदार नसतो, हे त्याचं खरं सुख.

पण फोटोच्या वेळी हेच सुख उलटतं. व्हिक्टोरिया मेमोरियल पूर्ण होऊन लोकांसाठी उघडलं ते १९२१ मध्ये. संगमरवर मकराण्याचा, ताजमहालाच्या खाणीतला. घुमटावर काळी परी आहे, वाऱ्याबरोबर फिरावी अशी बसवलेली. एवढ्या थाटापुढं स्वतःचा फोटो हवाच. एका तरुणाला फोन दिला, त्यानं मला पूर्ण घेतलं, व्हिक्टोरिया गाळली. एका आजोबांना दिला, त्यांनी व्हिक्टोरिया परीसकट घेतली, मला गाळलं. त्यांनीच काढलेल्या तिसऱ्या फोटोत आम्ही दोघंही होतो, पण पुढं त्यांचा अंगठा होता आणि तो घुमटापेक्षा मोठा आला होता. शेवटी चांगला उजेड शोधत बागेत शिरलो तर प्रत्येक झाडाखाली एक छत्री आणि प्रत्येक छत्रीखाली चार पाय. डिसेंबरातलं स्वच्छ ऊन, पावसाचं नाव नाही. त्यात मी, पंचावन्न वर्षांचा, हातात उघडा कॅमेरा धरून, एकटा. चौकीदार लांबून येताना दिसला. त्यानं काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "ॲका!" आणि फाटकाकडं वळलो.

तिथून थेट भारतीय संग्रहालयात. १८१४ सालचं, भारतातलं सगळ्यात जुनं. तिकडची माणसं त्याला जादूघर म्हणतात. भरहुतच्या स्तूपाचा कठडा इथं उभा आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडी गर्दीसकट: हत्ती, यक्षिणी, झाडं, सगळे घोळक्यानं. इजिप्तची ममी मात्र काचेत एकटी. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. त्या तीन दिवसांत माझ्याकडं पाहून काही न विचारणारी ती एकटीच भेटली.

संध्याकाळी बायकोचा फोन. "काय जेवलात?"

"वरण-भात. वरणात साखर होती. आणि खोबऱ्याचे काप."

सावजी रश्श्यावर पोसलेल्या घरात क्षणभर शांतता पसरली. "मंग गोड काय खाल्लं?"

"नव्या गुळाचा संदेश." खजुराचा तो हिवाळी गूळ, त्याला तिथं 'नोलेन गूड' म्हणतात. त्याचं वर्णन मी दहा मिनिटं केलं.

"एकटेच खाल्लात?" तिनं विचारलं. डायरीत मी तेविसावी रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी बागबाजार. १८६८ साली नवीनचंद्र दास यांनी इथंच आपल्या दुकानात रसगुल्ला घडवला असं बंगाली सांगतात. ओडिशाचे लोक म्हणतात, आमचा जुना. वाद इतका पेटला की २०१७ मध्ये बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१९ मध्ये ओडिशाच्याही. या भांडणात तिसऱ्या पक्षाकडं कोणाचं लक्षच गेलं नाही. १७५१ च्या तहापासून १८०३ पर्यंत ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडं होता. म्हणजे कागदपत्रं नीट लावली तर निम्मा रसगुल्ला नागपूरचा निघतो. मी बँकेत कारकुनी केलेली आहे, असले कागद मला लावता येतात.

विचारत विचारत मराठा डिच लेन सापडली. गल्लीसारखी गल्ली. खंदक नाही, पाणी नाही, मातीचा ढिगारासुद्धा नाही. वाळत घातलेली धोतरं, एक मांजर, एक सायकल. घरांपुढं ओटे, त्यांना तिथं 'रोक' म्हणतात. एका ओट्यावर माकडटोपी घातलेले आजोबा पेपर वाचत बसले होते. मी पाटीचा फोटो काढतोय असं पाहून त्यांनी चष्मा वर केला.

"कोठून आलात?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"नागपूर."

त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत पाहिलं.

"एकटेच? बाकीची फौज कुठं आहे?"

आणि असे हसले की टोपी डोळ्यांवर आली. "ओगो, शुनछो? बोर्गी एशेछे!" त्यांनी आत हाक मारली, अगं ऐकलंस का, बर्गी आलाय! आतून त्यांच्या पत्नी, म्हणजे तिकडच्या 'माशीमा', पदराला हात पुसत आल्या, मागून पाच-सहा वर्षांचा नातू. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. त्याची निराशा झालेली दिसत होती.

"घोडा कोई?" त्यानं विचारलं.

घोडा कुठंय? मी म्हणालो, "मेट्रोनं आलो." त्याला ते पटलं नाही.

आजोबा सांगत होते, त्यांच्या लहानपणी, त्यांच्या आईच्याही लहानपणी, पोर झोपेना की बर्गीचं गाणं म्हणत. आता नातवाला झोपवताना माशीमाही म्हणतात. मी ऐकत होतो. आमच्या शाळेतल्या पुस्तकात हीच गोष्ट एका ओळीत होती आणि ती ओळ आम्ही छाती पुढं काढून वाचायचो. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला एक आई बसलीय, दिवा विझवून, पोराच्या तोंडावर हात ठेवून, हे पुस्तकात नव्हतं. जळलेली गावं, लुटलेलं धान्य हेही नव्हतं. मला काय बोलावं सुचेना. म्हणून मी पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढून माशीमांपुढं धरला.

"बर्गी देऊनही जातो?" आजोबा म्हणाले. "हे गाण्यात नाही."

"चा खाबेन?" माशीमांनी विचारलं. बंगाली माणूस चहाही खातो, पाणीही खातो. मी मातीच्या भांड्यातून तो खाल्ला. नातवानं बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि घोड्याचा विषय त्यापुरता सोडून दिला. निघताना माशीमांनी मातीची हांडी आणली. घरात पाहुणे यायचे होते म्हणून आणलेले रसगुल्ले; सोळा होते, मी मोजले, हाताची सवय. त्यातले त्यांनी एका लहान मडक्यात काढले, फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

"बायकोला द्या. तिला का नाही आणलं? एकटं नका फिरू." रेघ मारायला मी डायरी काढली नाही.

कोपऱ्यावर येऊन फडक्याची गाठ सोडून पाहिलं. चार होते. सोळातले चार. मी तिथंच उभा राहिलो. रघूजींना यासाठी दहा वर्षं आणि हजारो घोडी लागली. मला बर्फीचा एक डबा लागला.

परतीच्या गाडीत मडकं मांडीवर धरून मी खालच्या बर्थवर बसलो होतो. "एकटेच आहात ना?" समोरून प्रश्न आला. मी आपण होऊन वरच्या बर्थवर चढलो.

नागपुरात उतरून गल्लीच्या तोंडाशी आलो तर पानठेलेवाल्यानं मडकं पाहिलं. "काय आणलं भाऊ बंगालातून?"

"चौथाई," मी म्हणालो.

घरी बायकोनं फडकं सोडलं आणि मोजलं. "चौथाई म्हणता, आणि तीनच?"

चौथा वाटेत रायगढच्या आसपास गेला होता. तो बारगिराचा पगार.